खिडकीतला हिरवा कोट

एव्हरिल हॅलिवेलने उभ्या जन्मात स्वतःसाठी नवा कपडा घेतला तो एकदाच, एकोणीसशे एकोणसत्तर साली, आणि तो पहिल्याच धुण्यात आटला. तेव्हापासून तिने नव्या कपड्याचं नाव टाकलं. "ज्या कपड्याने चाळीस वर्षं धुणं सोसलंय तो मला काय दगा देणार?" असं ती म्हणायची. माणसांच्या बाबतीतही तिचं साधारण हेच मत होतं, म्हणून अडुसष्टाव्या वर्षापर्यंत तिचं लग्न व्हायचं राहिलं होतं.

आमचं गाव लँकेशायरातलं, दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत बसलेलं. कापडाच्या गिरण्या होत्या, त्या मिटल्या, आणि बाजाराच्या रस्त्यावर चॅरिटीची पाच दुकानं उघडली. लोक नकोसे झालेले कपडे, कपबश्या, पुस्तकं पिशव्या भरभरून आणून टाकतात, आम्ही बायका बिनपगारी राबून ते विकतो आणि पैसे धर्मकार्याला जातात. आमचं दुकान म्हाताऱ्या गाढवांसाठी, थोडं पुढचं बेवारशी मांजरांसाठी. हे गेल्यावर घरात बसून भिंतींशी काय बोलायचं म्हणून मी तिथे जायला लागले. पहिल्या दिवशी देवापुढे दिवा लावताना जरा चाचरतच सांगितलं, की आजपासून गाढवांची सेवा करणार आहे. देवाने काही हरकत घेतली नाही.

तिथेच मला एव्हरिल भेटली. माझं नाव प्रमिला. तिने ते एकदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा अर्ध्यावर सोडलं आणि तिसऱ्यांदा मला पॅम करून टाकलं.

ती शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढायची. तीस वर्षं बटाटे वाढून निवृत्त झाली, आणि पेन्शन आलं तेही बटाट्यांपुरतंच. पण तिला रस्त्याने जाताना बघावं. कमरेत घट्ट, खांदे ताठ, असा लढाईच्या काळातला कोट-स्कर्ट, हातमोजे, डोक्यावर जराशी तिरकी टोपी. कोबी आणायला निघालेली बाई राजवाड्यात चहाला निघाल्यासारखी दिसायची. आणि अंगावरचं एकही कापड पाच पौंडांच्या वरचं नाही. हा तिचा कायदाच होता. पाचच्या वर गेलं की तो कपडा तिच्या दृष्टीने मेला.

कपडा निवडताना ती कधी पुढून बघायची नाही. थेट आत हात घालायची. "कपड्याचं तोंड बघू नये पॅम, पोट बघावं. तोंड सगळ्यांचंच गोड असतं." चेन धातूची आहे का, शिवणीत दोन बोटं कापड सोडलंय का, खालची दुमड हाताने घातली आहे का, हे तिची बोटं न बघता सांगायची. लढाईच्या वेळचा सरकारी शिक्का असला, म्हणजे फाक कापलेल्या चीजसारखी दोन गोल चित्रं, तर ती डोळे मिटून क्षणभर गप्प बसायची. आम्ही देवळात बसतो तशी.

पण तिची खरी विद्या निराळीच होती. दर शुक्रवारी गावचं साप्ताहिक आलं की ती आधी मृत्यूच्या बातम्यांचं पान काढायची. आसपासच्या श्रीमंत गावांतली, नव्वदीच्या वरची बाई गेली की त्या नावापुढे पेन्सिलीने एक तारीख घालायची. बरोबर सहा आठवड्यांनंतरची.

"सहाच का?" मी एकदा विचारलं.

"दोन आठवडे पोरं रडतात. दोन आठवडे भांडतात. दोन आठवडे आईच्या कपाटाकडे नुसती बघत बसतात. मग सोमवारी पिशव्या येतात."

"अगं, असं मेलेल्यांवर टपून बसू नये."

"टपून कुठे? मी वाट बघते. त्यांना काही घाई करा म्हणत नाही."

त्या तारखेला एव्हरिल टेकडीपलीकडच्या दुकानाच्या दारात हजर. म्हणजे साडेनऊची बस धरून. म्हाताऱ्यांचा फुकट पास साडेनऊच्या आधी चालत नाही, आणि आधीच्या बसला पैसे मोजणं तिच्या कायद्यात बसत नव्हतं.

त्याच बसवर डेस्मंड ड्रायव्हर होता. पुढे तो निवृत्त झाला आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसायला लागला. दर नाताळाला, पुडिंग संपलं की तो तिला विचारायचा, लग्न करशील का. आणि ती दर नाताळाला एकच उत्तर द्यायची: "कोट मिळाला की करू." तिला लग्नाला कोटच घालायचा होता. लोकरीचा, मागे भरपूर घेर असलेला, मोठ्या बटणांचा, तिची आई तरुणपणी दुकानाच्या काचेबाहेर उभी राहून बघायची तसा. सगळ्यांना वाटायचं ही टाळते आहे. डेस्मंडला मात्र तसं कधी वाटलं नाही. तो अकरा वर्षं कोट शोधत होता. रस्त्यात परक्या बायकांना थांबवून "हा तुम्ही देऊन टाकायच्या विचारात आहात का" असं विचारायचा. एकदा पोलिसाने त्याला समज दिली.

मग पलीकडच्या गावात पिकर्सगिल नावाच्या सत्त्याण्णव वर्षांच्या बाई वारल्या. एव्हरिलने तारीख घातली, वाट बघितली, साडेनऊची बस धरली, आणि संध्याकाळी डेस्मंडच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मिळाला. चार पौंड." दुसऱ्या दिवशी लग्नाची नोटीस द्यायला दोघं आठची बस धरून गेले. डेस्मंडने दोघांचं तिकीट काढलं. ड्रायव्हर त्याचाच चेला होता, त्याला वाटलं कुणीतरी आजारी आहे.

तो कोट तिने कुणाला म्हणून दाखवला नाही. उशीच्या अभ्र्यात घालून ठेवला होता. कसरीची भोकं पडली होती ती रात्रंदिवस रफू केली, आत जुन्या रेशमी परकराचं अस्तर घातलं. आम्हाला रंगसुद्धा माहीत नव्हता. "लग्नात बघा," म्हणायची.

आता माझी चूक सांगते.

लग्न शनिवारी. गुरुवारी ती अभ्रा घेऊन दुकानात आली. आमच्या मागच्या खोलीत वाफेची इस्त्री आहे, तिच्यावर कोटाच्या सुरकुत्या काढायच्या होत्या. त्या खोलीत आमचे स्वतःचे कोट दाराच्या खुंट्यांवर, आणि विकायला तयार झालेले कपडे दांडीवर. हे एव्हरिलनेच मला शिकवलेलं: "खुंटी आपली, दांडी गाढवांची." पण लग्नाच्या गडबडीत तिने कोट अभ्र्यातून काढला, दांडीला अडकवला, आणि इस्त्री तापेपर्यंत केकवाल्याकडे दोन मिनिटं जाऊन येते म्हणाली. मी पुढे गल्ल्यावर होते. मागे आले तर दांडीवर एक कोट. हिरवागार, जड, बघण्यासारखा. मला वाटलं सकाळच्या पिशवीतला असेल. मी टॅग मारायची बंदूक घेतली, काखेच्या शिवणीत टॅग मारला, सहा पौंड लिहिलं आणि बाहेर लावला. पाच मिनिटांत गेला. लाल चष्म्याच्या एका बाईने नेला, कुत्र्याला बाबागाडीत बसवून फिरवत होती ती. मी मनातल्या मनात गाढवांना म्हटलं, आज तुमचा दिवस चांगला आहे.

एव्हरिल आली.

"पॅम, इथला माझा कोट कुठाय?"

"कुठला कोट?"

"ह्या दांडीवरचा. हिरवा."

बंदूक माझ्या हातातच होती. "हिरवा म्हणजे, मोठ्या बटणांचा?"

"मोठ्या बटणांचा."

"मागे घेर असलेला?"

"पॅम, तू काय केलंस?"

"विकला," मी म्हटलं.

तिने रिकाम्या दांडीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "कितीला?"

"सहाला."

"सहाला," ती म्हणाली. "तू माझा लग्नाचा कोट विकलास, ते एक वेळ मी समजून घेईन. पण सहाला? पिकर्सगिलबाईंचा कोट? आत शिक्का बघितला नाहीस?"

"पोट बघायचं राहिलं," मी कबूल केलं.

ती चिंध्यांच्या गोणीवर बसली. मी चहा केला, तीन चमचे साखर घातली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, तर उलट तिनेच मला रुमाल दिला.

"डेस्मंडला सांगू नकोस," ती म्हणाली. "तो म्हणेल कोटाशिवाय चालेल."

"मग चालेल की गं. माणूस तर तोच आहे."

"त्याला चालेल. मला नाही चालणार. अकरा वर्षं मी त्याला सांगतेय, कोट मिळाला की. आता कोट नसताना उभी राहिले तर अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ती बाई कुठाय? तिथे उभी असेल ती बटाटे वाढणारी एव्हरिल." तिने चहा खाली ठेवला. "कोट नाही, तर शनिवार नाही."

एकदा ती असं म्हणाली की म्हणाली. मी मनातल्या मनात गणपतीला म्हटलं, बाबा, ही चूक माझी आहे, त्या भल्या ड्रायव्हरच्या डोक्यावर घालू नकोस. एकवीस दूर्वांचं बोलले. आमच्याकडे गवताला तोटा नाही, पण दूर्वा शोधायला लागतात.

कुत्र्याची बाबागाडी गावात एकच. केकवाल्याने लगेच सांगितलं, त्या नाटकमंडळाच्या मिसेस ड्युएर्डन, नाटकासाठी कोट घेतला असणार. आम्ही तालमीच्या जागी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मिसेस ड्युएर्डन रडकुंडीला आल्या होत्या. दिग्दर्शकाने कोट बघून किंकाळी फोडली म्हणे. रंगमंचावर हिरवा रंग अपशकुनी, आत्ताच्या आत्ता बाहेर काढा.

"मग काढलात कुठे?" एव्हरिलने विचारलं.

"मांजरांच्या दुकानात दिला. बंद व्हायच्या आत नेऊन टाकला."

एव्हरिलने कपाळावर हात मारला. मलाही मारावासा वाटला. कारण मांजरांचं दुकान म्हणजे मार्जरी थॉर्नबर.

मार्जरीबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या दुकानात सगळं रंगवार, मापवार, आणि दर वस्तूला पाटी. त्या आणि एव्हरिल चौदा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. चर्चच्या जुन्या बाजारात एका टोपीवर दोघींचे हात एकदम पडले होते. कुणी सोडेना. शेवटी एव्हरिलच्या हातात टोपी आली आणि मार्जरीबाईंच्या हातात टोपीचं पीस. पाद्रीबाबांनी त्यानंतर टोप्या वेगळ्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली.

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो तर कोट आतही नव्हता. खिडकीत होता. बिनडोक्याच्या पुतळ्याच्या अंगावर, पंचवीस पौंडांची चिठ्ठी, आणि खाली सुबक अक्षरांत पाटी: खिडकीतल्या वस्तू सोमवारी सकाळी नऊ वाजता विक्रीस निघतील.

एव्हरिल काचेबाहेर उभी राहून बघत होती. तिच्या आईची गोष्ट मला आठवली. पुतळ्याला कोट छान दिसत होता, त्याचाच तिला जास्त राग आला.

आम्ही आत गेलो.

"गुड मॉर्निंग, पॅम," मार्जरीबाई म्हणाल्या. "तुम्हाला काही दाखवू का? तुमच्याबरोबर आलेल्या बाईंना आवडेलसं आमच्याकडे काही नाही."

"पॅम," एव्हरिल म्हणाली, "तिला सांग, खिडकीतला कोट माझा आहे."

दोघींमध्ये तीन हातांचं अंतर. मधे मी. "मार्जरीबाई, तो कोट हिचा आहे. माझ्या हातून चुकून विकला गेला."

"त्यांना सांगा, काल संध्याकाळी तो रीतसर दानात आला. आता तो मांजरांचा आहे."

"तिला सांग, मी फुकट मागत नाही. विकत घ्यायला आलेय."

"त्यांना सांगा, सोमवारी या. पाटी आहे. पाटी वाचता येते ना त्यांना?"

"तिला सांग, लग्न उद्या आहे."

"मला माहीत आहे उद्या आहे." मार्जरीबाई गल्ल्यावरची पेनं सरळ करायला लागल्या. "सगळ्या रस्त्याला माहीत आहे. गाढवांना आमंत्रण आहे, चर्चला आहे, केकवाल्याला आहे. त्याच्या पोराला आहे. पॅम, त्यांना सांगा, मांजरांकडे कुणी फिरकलं नाही, तेव्हा मांजरांना घाई नाही. आणि लग्नाला हिरवं म्हणजे अपशकुन, हेही सांगा."

"अपशकुन कसला?" माझ्या तोंडून गेलं. "आमच्याकडे हिरव्या चुड्याशिवाय नवरी बोहल्यावर उभी राहत नाही."

"बघ," एव्हरिल मला म्हणाली. "आणि तिला सांग, चौदा वर्षं माझ्या टोपीचं पीस दाबून बसलेल्या बाईने अपशकुनाच्या गोष्टी सांगू नयेत."

"त्यांना सांगा, टोपी आधी माझ्या हातात आली होती."

"तिला सांग, बोट लागणं म्हणजे हातात येणं नाही."

मला शाळेत शिकवलंय की खोटं बोलणं पाप आहे, आणि मी ते आजवर जमेल तसं पाळलंय. पण निरोप्याने निरोप पोचवताना जरा धुऊन, इस्त्री करून दिला, तर त्याला काय म्हणायचं ते शाळेत सांगितलं नव्हतं. मी मार्जरीबाईंकडे वळले.

"ती म्हणतेय, तुम्हाला बोलवायचं राहिलं त्याचं तिला फार वाईट वाटतंय. उद्या अकराला नोंदणी कचेरीत तुम्ही नक्की यायचं."

 मागे त्यांची वाफेची इस्त्री फुसफुसत होती.

"मी असं काहीही म्हटलं नाही," एव्हरिल म्हणाली.

"नाहीच म्हटलं," मार्जरीबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या. चौदा वर्षांत सरळ तिला बोललेलं हे पहिलं वाक्य.

एव्हरिलने खिडकीकडे बघितलं. पुतळ्याची पाठ आमच्याकडे होती, कोटाचा घेर उन्हात होता. "म्हटलं नाही," ती म्हणाली. "पण ये तू. नंतर चर्चच्या हॉलमध्ये खायला आहे. हॅमची सँडविचं, गोडाला ट्रायफल."

"शेरी घातलेलं ट्रायफल?"

"मग काय कोरडं?"

मार्जरीबाईंनी पेनं पुन्हा सरळ केली. "येईन," त्या म्हणाल्या. "पण पंचवीस म्हणजे पंचवीस."

"मी भरते," मी पाकीट काढलं. "चूक माझी आहे."

"ठेव ते आत," एव्हरिल म्हणाली. "पाचच्या वर गेलेला कोट मी अंगाला लावणार नाही. मग नायटीवर लग्न करेन."

मार्जरीबाईंनी विचार केला. पोस्टात तीस वर्षं काढलेली बाई, तिला नियम मोडता येत नव्हता, पण कुठला नियम कुठल्या नियमाखाली बसतो ते तिला नीट ठाऊक होतं. "दोष निघाला तर किंमत उतरवता येते," त्या म्हणाल्या. "दर दोषामागे एक पौंड. तसं लिहिलेलं आहे."

कोट पुतळ्यावरून उतरून टेबलावर आला. दोघींनी चष्मे चढवले. आणि मग मी जे पाहिलं ते पुन्हा दिसायचं नाही. ज्या बाईने पाच आठवडे जागून भोकं बुजवली, कुणाच्या नजरेला येऊ नयेत म्हणून कोटाच्याच शिवणीतले धागे ओढून काढून भरली, तीच आता ती भोकं शोधून दाखवत होती.

"हे बघ, इथे रफू आहे."

"कुठे? मला दिसत नाही."

"नीट बघ. कॉलरच्या खाली."

"हे रफू आहे? हे कापडच आहे."

"माझं रफू मला कळणार नाही का?"

"एव्हरिल, इथे काही नाही. मी खोटा दोष लिहिणार नाही."

शेवटी एव्हरिलने गल्ल्यावरची सुई घेऊन स्वतःचा एक टाका उसवला, तेव्हा मार्जरीबाईंनी भिंग आणलं. "अरे देवा," त्या पुटपुटल्या. पुढे त्यांनाच नाद लागला. कोपराजवळ एक, खिशाच्या तोंडाशी तीन, घेरात तर ओळच. प्रत्येक सापडलं की त्या वहीत रेघ मारायच्या आणि "हे कसं केलंस गं" असं विचारायच्या. एकोणीस झाली. किंमत सहावर आली आणि विसावं भोक काही सापडेना. उसवलेलं भरून घेण्यातच अर्धा तास गेला.

"काखेत बघा," मी म्हटलं. "शिवणीत. मी काल तिथे टॅग मारला होता, बंदुकीच्या सुईचं भोक असेल."

होतं. माझ्या हातून त्या कोटाचं झालेलं तेवढंच भलं.

पाच पौंड दिले, पावती फाडली. आता पुतळा उघडा. बाजाराच्या रस्त्यावर, शनिवारच्या गर्दीत, मांजरांच्या खिडकीत उघडी बाई उभी, हे मार्जरीबाईंच्या वरच्या कचेरीला चाललं नसतं. तोलामोलाचं काहीतरी हवं होतं आणि दुकानात होते ते सगळे रेनकोट. तेव्हा मी घरी गेले आणि लग्नाला नेसायची म्हणून इस्त्री करून ठेवलेली वांगी रंगाची इरकल घेऊन आले. माझ्या वहिनीने दिलेली. म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

पुतळ्याला साडी नेसवणं म्हणजे खांबाला नेसवणं. हात उचलत नाही, पोट आत घेत नाही. दोघी टाचण्या तोंडात धरून उभ्या.

"किती लांब आहे हे?" मार्जरीबाईंनी विचारलं.

"सहा वार."

"आणि एकही बटण नाही?"

"नाही."

"मग तुम्ही बायका रस्त्याने चालता कशा?"

"विश्वासावर," मी म्हटलं.

शनिवारी अकराला एव्हरिल आली. कोट, ती पीस गेलेली टोपी, हातमोजे. मी तिच्या हातमोज्यावर दोन हिरव्या बांगड्या चढवल्या, तिने काही न विचारता चढवू दिल्या. डेस्मंडने तिला बघितलं आणि त्याला अधिकारीबाईंनी विचारलेला प्रश्न दोनदा ऐकू आला नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "हो, अकरा वर्षांपासून." इथे नवरीच्या अंगावर काहीतरी जुनं, काहीतरी नवं असावं लागतं. जुन्याचा प्रश्नच नव्हता. नव्याची अडचण होती, ती डेस्मंडने नवे मोजे घालून सोडवली. मार्जरीबाई तपकिरी टोपी घालून आल्या आणि त्या टोपीला ते पीस खोवलेलं होतं. एव्हरिलने पाहिलं आणि स्वतःची टोपी जराशी नीट केली. फोटोवाल्याने दोघींना जवळ जवळ उभं केलं, तर फोटोत पीस बरोबर एव्हरिलच्या टोपीवर उगवल्यासारखं आलंय. मार्जरीबाईंनी ट्रायफल तीनदा घेतलं.

सोमवारी पूजा आटोपून, दूर्वा वाहून, मी साडी आणायला दहा वाजता मांजरांच्या दुकानात गेले. खिडकीतल्या पुतळ्याने रेनकोट घातला होता.

"माझी साडी?" मी विचारलं.

सोमवारी गल्ल्यावर बसणाऱ्या बाई निराळ्या. त्या खूश होत्या. "ती वांगी? अहो, बरोबर नऊला गेली. शनिवारपासून लोक विचारत होते. पाटीच होती ना, सोमवारी नऊला."

मार्जरीबाई आतून आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांचा चेहरा गुरुवारच्या माझ्या चेहऱ्यासारखा झाला होता.

"कितीला?" मी विचारलं.

"बाराला," त्या हळूच म्हणाल्या.

"बाराला," मी म्हटलं. "वहिनीच्या इरकलीला बारा?" आणि म्हणता म्हणता मला गुरुवारची एव्हरिल आठवली, आणि मग हसूच आवरेना. देवाकडे उधार राहत नाही म्हणतात, पण इतक्या लगेच, सोमवार उजाडताच, हे मला नवीन होतं.

एव्हरिलने साडीचा छडा चार दिवसांत लावला. डेस्मंडला घेऊन साडेनऊच्या बसने गावभर फिरली, खिडक्यांकडे बघत. स्टेशनच्या रस्त्याला मिसेस एन्टविसलच्या स्वयंपाकघरात ती पडदा होऊन लटकते आहे. काठ खाली, छान चुण्या पाडलेल्या. आम्ही दोघी पलीकडच्या फुटपाथवर उभ्या राहून बघून आलो.

"मागायची का?" मी विचारलं.

"नको. किती हौसेने लावलाय," एव्हरिल म्हणाली. मग माझा हात दाबून म्हणाली, "धीर धर पॅम. बाई एक्क्याण्णव वर्षांची आहे."

मी रोज दिवा लावताना मिसेस एन्टविसलला भरपूर आयुष्य मागते, अगदी मनापासून. पण एव्हरिलने ते सहा आठवडे माझ्या डोक्यात घालून ठेवलेत, ते काही जात नाहीत.